बदक थांबल्यावर

अर्ध्या नखाएवढी पिवळी चावी, मिटल्या पंखांच्या फुलपाखरासारखी, खेळण्यातल्या बदकाच्या कुशीतून बाहेर आलेली. तिच्या दोन बोटांच्या चिमटीत ती अजून थरथरत होती, आतली स्प्रिंग बोटांना ढकलत होती, आणि चिमूट सोडावी की नाही हे तिचं ठरत नव्हतं. सोडली की बदक चालणार. चाललं की थांबणार. आणि थांबलं की मग... तेवढ्यासाठी तर सगळं.

आज नको, असं तिनं कालच ठरवलं होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी पुस्तक उघडू नये, येत असतं तेही विसरायला होतं — कॉलेजात असताना ती मैत्रिणींना हेच सांगायची आणि स्वतः मात्र वर्गाच्या दारापर्यंत वही चाळत जायची.

तिनं चिमूट सोडली.

टक टक टक... ओट्याच्या गार दगडावरून बदक निघालं, मान जराशी वाकडी, कामावर उशिरा पोचलेला माणूस साहेबाची नजर चुकवत जागेवर जाऊन बसतो तसं. दोन पिळांत चौदा पावलं. पंधराव्याला एक पाय वर राहतो आणि बदक तसंच थांबतं, काहीतरी घरी विसरल्यासारखं. ओट्याच्या पलीकडे, स्टुलावर उभी राहून, हनुवटी दगडाला टेकवून भुंगा बघत होती.

भुंगा म्हणजे तिची मुलगी, साडेतीन वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं आहे, चांगलं चार अक्षरी. पण ती दिवसभर एकाच सुरात गुणगुणत असते — शब्द नाही, चाल नाही, नाकातून येणारा एकच लांब सूर — म्हणून बापानं भुंगा म्हटलं आणि तेच चिकटलं. ‘मुलीला भुंगा काय म्हणता,’ सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि आठवड्याभरात त्याच म्हणायला लागल्या, ‘भुंगा, ये गं बाई माझी.’ भुंगा हाकेला वळत नाही. चार अक्षरी हाकेलाही नाही आणि दोन अक्षरीलाही नाही.

पंधरावं पाऊल. पाय वर. सूरही थांबला.

एक... दोन... ती मनात मोजत होती, चेहरा कोरा ठेवून, हात ओट्याखाली धरून... तीन — आणि भुंगानं मान वर केली. बदकावरून नजर निघाली, साखरेच्या डब्यावरून, तिच्या गळ्यावरून, हनुवटीवरून चढत वर आली आणि टेकली. डोळ्यांत नाही. दोन भुवयांच्या मधे, टाचणी टोचावी तशी नेमकी. क्षणभरच. मग हात पुढे आला, तळवा उघडा — पुन्हा.

तिनं पुन्हा चावी दिली, पुन्हा मोजलं, आणि मग निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आजच्या तारखेपुढे लिहिलं: थांबलं दोनदा, पाहिलं दोनदा. वही पिशवीत गेली. बदक रोज कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात तळाशी जायचं, कारण त्या डब्यात नवरा कधी हात घालत नाही. आज तेही पिशवीत गेलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. घरात एकटं ठेवायला नको वाटलं, इतकंच.

पाच महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली होती. कॉलेजच्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा आणि कागदांचा वास. दारावर पाटी होती, बालविकास संशोधन. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात सोडणारी संशोधिका, तिच्याहून वयानं लहानच, पण बोलण्यात अशी सावकाश की समोरच्याला उगाच घाई झाल्यासारखं वाटावं, तिनं दोघा नवरा-बायकोंना समजावून सांगितलं होतं. आम्ही बघतोय की आईबाबांना आठवड्यातून एकदा शिकवणी दिली, मुलाशी कसं खेळायचं, कुठे थांबायचं, मूल काही सांगू बघतंय ते कसं ओळखायचं, तर मुलांमध्ये फरक पडतो का. निम्म्या घरांना शिकवणी आत्ता. निम्म्यांना पाच महिन्यांनी. कोणाला काय, ते या पाकिटात आहे. मीही उघडून पाहिलेलं नाही.

पाकिटात ‘प्रतीक्षा गट’ असं निघालं.

“आपण कायमच वेटिंगवर,” नवरा म्हणाला होता, आणि संशोधिका हसली होती, आणि ती हसली नव्हती.

“तोवर जे चालू आहे ते चालू ठेवा,” संशोधिका म्हणाली. “आपणहून नवं काही सुरू केलंत तर लपवू नका, फक्त सांगा. मी महिन्याला फोन करीन.”

त्याच दिवशी ते बदक. बुटक्या टेबलावर संशोधिकेनं चावी दिली, बदक चाललं, थांबलं — आणि भुंगानं तिचा, आईचा, हात मनगटाला धरून उचलला आणि बदकावर नेऊन ठेवला. चिमटा उचलावा तसा. वर पाहिलं नाही. पुन्हा चावी, पुन्हा हात, पुन्हा नाही. सहा वेळा. आणि संशोधिकेच्या मांडीवरच्या कागदावर — उलटा कागद वाचायला तिला शाळेपासून येतो, बाईंच्या टेबलासमोर उभं राहून शिकलेली विद्या ती — एक रकाना होता: ‘वस्तूकडून व्यक्तीकडे नजर’. त्याच्या शेजारी दुसरा: ‘सुरुवात कोणाची — मुलाची / मोठ्यांची’. आणि पहिल्या रकान्यात सहाच्या सहा शून्यं, नीट गोल, टपोरी, एकाखाली एक.

ती शून्यं घेऊन ती घरी आली. भाजी चिरताना ती शून्यं, दात घासताना ती शून्यं. आठव्या दिवशी तिनं खेळण्यांची सात दुकानं पालथी घातली आणि सातव्यात, वरच्या फळीवर, धुळीत, तस्संच बदक मिळालं. दुकानदार म्हणाला, “हे आता कोणी घेत नाही हो ताई, सेलवालं दाखवू का?” “नको,” ती म्हणाली, “हेच हवंय,” आणि तिला आपल्या आवाजात चोरी ऐकू आली.

शिकवलं तिनंच, आपल्या डोक्यानं. बदक थांबलं की चावी काढून आपल्या भुवयांच्या मधे धरायची — चावी हवी तर तिथे बघ. तीन आठवडे तसं. मग चावी नाही, नुसतं बोट भुवईला. मग बोट अर्ध्यावर. मग हात ओट्याखाली, आणि गेले वीस दिवस तर काहीच नाही. नुसतं थांबणं. आणि तरी नजर येत होती, बरोबर त्याच जागी... पहिल्यांदा आली तेव्हा ती ओट्याला धरून खाली बसली होती आणि वर बदक पाय उचलून थांबलेलं होतं. पण आनंद पुरता अंगात भिनायच्या आत शंका आली, आणि आली ती ठाण मांडूनच बसली. ती माझ्याकडे बघते, की जिथे चावी असायची तिथे बघते? मी तिची आई आहे की चावी टांगायची खुंटी?

आणि फोन आले होते. महिन्याला एक, पाच फोन. “नवीन काही सुरू केलंत का?” “नाही,” ती म्हणाली होती, पाचही वेळा. पहिलं ‘नाही’ तोंडून निसटलं होतं. हो म्हटलं तर आपलं नाव कमी करतील, शिकवणीची पाळीच येणार नाही, या धास्तीनं. पुढची चार ‘नाही’ त्या पहिल्याला सांभाळायला म्हणावी लागली. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर माणूस काम करत असताना खाली कोणी बटण दाबायचं नाही, हा त्याचा एकमेव धर्म. ‘हात लावू नका म्हटलंय ना, मग नाही लावायचा. नाहीतर वरचा माणूस मरतो,’ असं तो म्हणाला असता, आणि बरोबर म्हणाला असता.

बस जवळजवळ रिकामी होती. भुंगा खिडकीशी, कपाळ काचेला टेकवून. इंजिनाचा आवाज काचेतून तिच्या कपाळात शिरत असणार, कारण तिचा सूर आणि बसचा सूर हळूहळू एक झाले. बाहेर दुकानांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली. पाणी मारलेले रस्ते. एक माणूस शिडीवर चढून पाटीतलं एकच अक्षर पुसत होता. अशा वेळी तिला वाटायचं की आपण दोघी एका लांब, उबदार नळीतून चाललो आहोत आणि जग नळीच्या बाहेर, काचेवर ओघळणारं काहीतरी... आणि या नळीला दुसरं तोंड नसलं तरी चालेल.

“काय गाते गं पोरगी?” पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाई मागे वळून म्हणाल्या. “नाव काय तुझं?”

भुंगा काचेत.

“लाजते जरा,” ती म्हणाली. हे तिचं ठरलेलं उत्तर. लाजत नाही हो, मावशी, पण तुमच्यापुरती लाजते.

“लाजू दे. आमची लाजायचीच नाही, तिचं लग्न जमवताना नाकी नऊ आले.” बाई समाधानानं पुढे वळल्या.

व्हरांड्यातल्या बाकावर जुळ्यांची आई आधीच येऊन बसली होती. तिला सगळे जुळ्यांची आई म्हणतात. तिच्या दोन मुलींपैकी एक बोलून बोलून कान किटवते आणि दुसरी एक शब्द बोलत नाही. इथे येते ती दुसरी. आत्ता ती बाकाखाली आडवी होऊन फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत होती. ही माणसंही प्रतीक्षा गटातली.

“शेवटची ना तुमची पण?” जुळ्यांची आई म्हणाली.

“हो.”

“सुटलो म्हणायचं.” ती थोडी जवळ सरकली. “एक विचारू? तुम्ही काही केलं का मधे?”

“म्हणजे?”

“म्हणजे घरी. माझी नणंद मागे लागली होती, मोबाईलवर बघून सगळं करता येतं म्हणे. मी म्हटलं, नको बाई. आपण काहीतरी करणार, आपल्या पोरी सुधारणार, आणि कागदावर दिसणार की शिकवणी मिळाली त्या आणि न मिळाली त्या, सगळ्या सारख्याच. मग म्हणतील, कशाला हवी शिकवणी? बंद करा.” तिनं वाकून बाकाखाली पाहिलं, मुलीचा फ्रॉक गुडघ्यावरून खाली ओढला. “पाच महिने हात बांधून बसले. बसवत नाही हो. समोर लेकरू असतं आणि आपण बसलेलो. पण बसले.”

“हो,” ती म्हणाली.

तिच्या पिशवीत बदक होतं. पिशवी मांडीवर होती, आणि बदकाची चोच कापडातून मांडीला टोचत होती, आणि तिनं पिशवी हलवली नाही. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी डोळ्यांत तेल घालून राहणारी मी, सगळं मोजणारी, आणि हे साधं गणित... तिला वाटलं होतं की आपण आपल्या मुलीची शून्यं पुसतोय. ती कोणाच्या पाटीवरून पुसली जातायत हे तिनं पाहिलंच नव्हतं. बाकाखालची मुलगी रेघेच्या टोकाला पोचली, थबकली, आणि उलटी निघाली.

“आई, या,” संशोधिकेनं दारातून हाक मारली.

इथे सगळे तिला आई म्हणतात. दाराशी नोंद करणारी, संशोधिका, फरशी पुसणाऱ्या मावशी. एकजण सोडून.

खोली तीच. बुटकं टेबल, बुटकी खुर्ची, समोर भिंतभर आरसा, ज्याच्या मागे दुसरी खोली आहे आणि तिथून कॅमेरा बघतो. संशोधिकेनं तिला भुंगाच्या मागे, जरा डावीकडे बसवलं. “बोलायचं नाही, खूण करायची नाही. वळून तुमच्याकडे आली तर नेहमीसारखं जवळ घ्या.” मग भुंगासमोर बसताना म्हणाली, “शेवटच्या भेटीला खेळणी बदलतो आम्ही. ओळखीचं झालेलं असतं ना, म्हणून.”

आणि पेटीतून भोवरा काढला. पत्र्याचा, मोठा, पोट सुटलेला, वर दाबायची मूठ असलेला.

तिला हसू आलं, आतल्या आत, रडू यायच्या वाटेनं आलेलं. फुटलेला पेपर मिळाला म्हणून पाच महिने पाठ करावा आणि परीक्षेला दुसराच पेपर हातात यावा. आता शून्यं येतील, सहाच्या सहा. आणि या विचारासरशी अंगातून काहीतरी सैल होऊन खाली गेलं. शून्यं आली तर काही सांगायलाच नको. काही शिकवलंच नव्हतं, असंच होईल ते. बदक कधी नव्हतंच.

संशोधिकेनं मूठ दाबली, एकदा, दोनदा, तीनदा. भोवरा फिरायला लागला, आणि गुणगुणायला लागला.

तिला आधी वाटलं की भुंगाच आहे. मग कळलं, दोघं आहेत. पत्र्याच्या पोटातून येणारा एकच लांब सूर, आणि त्याच्या जरा खालून निघून, चाचपडत, वर चढून, त्याला जाऊन मिळालेला दुसरा. भोवऱ्यावरचे लाल-निळे पट्टे विरघळून एक जांभळं धुकं झालं होतं. भुंगाच्या खांद्यांवरचा ताण उतरला. खोलीत दुपार साचत चालली आहे, पाणी भरतं तशी, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, असं तिला वाटलं. ती लहान असताना आईच्या शिलाईयंत्राखाली, पायडलपाशी, कापडाच्या तुकड्यांत झोपून जायची, तेव्हा यंत्राचा आवाज असाच वरून अंगावर यायचा, आणि आवाज थांबला की डोळे उघडायचे, आणि वर, यंत्राच्या कडेवरून, आईचा चेहरा वाकलेला असायचा... दर वेळी असायचा? की मी जागी झाले म्हणून ती वाकायची? की ती वाकायची म्हणून मी —

भोवऱ्याचा सूर खाली आला. डगमगला. पट्टे पुन्हा पट्टे झाले. भोवरा एका कुशीवर कलंडला, टेबलावर अर्धं वर्तुळ घासत गेला आणि थांबला.

भुंगाही थांबली.

एक. संशोधिका हलली नाही. दोन. बाहेर कुठेतरी दार लागलं. तीन. भुंगाचा हात उचलला गेला, भोवऱ्याकडे निघाला, वाटेत राहिला. चार... आणि भुंगानं मान वर केली. समोर बसलेल्या संशोधिकेकडे नाही. तिच्या डोक्यावरून, पलीकडे, आरशात. आरशात डावीकडे मागे एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी धरून, आणि भुंगा त्या बाईकडे बघत होती. भुवयांच्या मधे नाही. डोळ्यांत.

किती वेळ, ते तिनं मोजलं नाही. मोजायचं राहिलंच. एवढंच कळलं की त्या नजरेत काही मागणं नव्हतं, हात पुढे आला नव्हता. संपलं, असं काहीतरी होतं, ऐकलंस का, असं काहीतरी. आणि मग तिला त्या बाईचा उजवा हात दिसला. आरशातल्या बाईचं बोट तिच्या भुवईला लागलेलं होतं.

तिचं स्वतःचं बोट.

कधी गेलं वर? तिनं ते खाली घेतलं, चटका बसल्यासारखं. भुंगाची नजर तोवर भोवऱ्याकडे परतली होती.

आणखी पाच वेळा भोवरा फिरला. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखे. भुंगानं दोनदा संशोधिकेचा हात ओढला, तीनदा स्वतःच मूठ दाबायचा प्रयत्न केला. वर पाहिलं नाही.

सगळं आवरल्यावर संशोधिका कागद घेऊन तिच्याशेजारी बसली. भुंगा भोवऱ्याशेजारी फरशीवर पालथी पडून पट्टे अगदी जवळून बघत होती.

“पहिल्या वेळेचं पाहिलंत ना तुम्ही?” संशोधिकेचा सावकाश आवाज आज तितका सावकाश नव्हता. “आरशातून पाहिलं तिनं. हे कुठे लिहायचं तेच मला कळत नाहीये. व्यक्तीकडे आहे, पण आरशात. माझ्याकडे असा रकाना नाही.”

आणि मग, कागदावर नजर ठेवून, यादीतला शेवटचा प्रश्न: “मधल्या काळात घरी नवीन काही?”

नाही, हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता, पाच वेळा वापरून गुळगुळीत झालेला. दाराबाहेर जुळ्यांची आई मुलीला म्हणत होती, “उठ गं राजा, गार लागते फरशी.”

“मी बोट लावलं होतं,” ती म्हणाली.

“कुठे?”

तिनं दाखवलं. आणि मग बदक सांगितलं, ओटा सांगितला, चावी भुवयांच्या मधे, सात दुकानं, निळी वही, पाचही वेळचं ‘नाही’. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण हे घाईघाईनं सांगतोय, आणि संशोधिका आपली सावकाश ऐकते आहे, आणि ऐकताना पेनचं टोपण लावते आहे, काढते आहे.

“रोज?”

“रोज. तापात दोन दिवस सोडून.”

“फोनवर सांगितलं असतंत तर...” संशोधिका थांबली. चष्मा काढून दोरीवर सोडला. “नाव नसतं हो कमी केलं. नुसती नोंद केली असती.”

“मला वाटलं —”

“कळलं.” तिनं टोपण लावून पेन कागदावर आडवं ठेवलं. “मला हे वर सांगावं लागेल. तुमची नोंद बाजूला काढतील कदाचित. शिकवणी कबूल केलेली आहे, ती मिळायला हवी. पण मी विचारते, मग सांगते. आत्ता काही शब्द देत नाही.”

“आणि ते... आजचं? आधी काय झालं, तिनं पाहिलं की मी बोट लावलं? ते कळतं?”

“कळतं. सेकंदाचे पंचवीस तुकडे करून बघतो आम्ही. पलीकडच्या खोलीत आहे, पाच मिनिटांत दाखवते. बघायचंय?”

ती उठली. खरंच उठली, पिशवी सावरत, एक पाऊल दाराकडे गेली. पाच महिने ज्या एका गोष्टीसाठी झोप उडाली होती ती भिंतीपलीकडे होती, पंचवीस तुकड्यांत. मग तिनं भुंगाकडे पाहिलं. पालथी, गाल फरशीला लावून, एक डोळा मिटून पट्टे बघणारी.

“तुम्ही बघा,” ती म्हणाली. “मला... आत्ता नको.”

“बरं.” संशोधिकेनं हात पुढे केला. “वहीत लिहून ठेवलंय म्हणालात. बघू?”

वही काढताना बदकही बाहेर आलं. संशोधिकेनं ते उचललं, उलटं केलं, आणि विचार न करता, हात आपोआप जातो तसा, चावीला दोन पीळ दिले आणि त्या सगळ्या कागदांवर ते सोडलं. टक टक टक... रकान्यांवरून, शून्यांवरून, मान वाकडी करून बदक निघालं. पंधराव्या पावलाला पाय वर राहिला.

आणि दोघींनी एकदम मान वर करून एकमेकींकडे पाहिलं.

संशोधिका आधी हसली, मग ती. पण हसू ओसरताना तिच्या मनात आलं, हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणीतरी, कुठल्यातरी ओट्यापाशी, कुठल्यातरी यंत्राच्या कडेवरून, वाट बघत थांबलं असेल का, बोट भुवईला लावून? आणि आज आपण ते आपलंच समजतो.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. भुंगा खिडकीशी, कपाळ काचेला. बदक पिशवीत, चावी उतरलेली. नवऱ्याला संध्याकाळी सांगायला लागेल. तो विचारेल, वरचा माणूस वाचला का, आणि तिला ठाऊक नव्हतं. जुळ्यांच्या आईला तर तिनं निघताना नुसतं येते म्हटलं होतं. तेही सांगायला हवं, कधीतरी. त्याच बाकावर, चोच मांडीला टोचत असताना सांगितलं असतं तर... सगळं होतं तिथेच होतं. वजन उतरलं नव्हतं. फक्त दुसऱ्या खांद्यावर आल्यासारखं वाटत होतं, आणि मोकळा झालेला खांदा हलका, अनोळखी.

शटरं आता पूर्ण वर गेली होती. शिडीवरचा माणूस गेला होता. पाटीवर त्या एका अक्षराच्या जागी ओला, स्वच्छ चौकोन होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, बस वळेपर्यंत. ऊन काचेतून मांडीवर येत होतं, झाडं आली की जात होतं. डोळे जड झाले. यंत्राखालच्या कापडांचा वास आला, कोऱ्या, कडक.

सूर चालू होता. बसचा, आणि त्याला मिळालेला भुंगाचा. ती ऐकत राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिला जाणवलं की नाकात काहीतरी थरथरतंय, ओठ मिटलेले आहेत आणि छातीत, गळ्याशी, एक बारीक कंप भरून राहिला आहे... तीही गुणगुणत होती. तोच सूर. नेमका तोच, वर ना खाली. किती वेळापासून, कोण जाणे. आपण तिचा धरला, की आपण आधी सुरू केला आणि तिनं आपला, हे तिनं आठवून पाहायचा प्रयत्न केला, आणि आठवताना सूर थोडा डगमगला, म्हणून तिनं आठवणं सोडून दिलं.